पोरगी पोहते आणि कॉलेजही शोधायचंय: अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी

गेल्या वर्षभरात मला सहा-सात मैत्रिणींचे फोन आले, सगळ्यांची पोरं आठवी ते अकरावीत, कुणी टेनिस, कुणी सॉकर, दोघींची आमच्या लेकीसारखी पोहणारी, आणि प्रश्न फिरून फिरून तोच, "अगं खेळावर कॉलेज मिळतं म्हणतात ते नक्की असतं कसं, आणि आपण काय करायचं असतं?" प्रत्येकीला फोनवर तासभर सांगितलं तरी निम्मं राहून जातं, म्हणून एकदाच बसून लिहितेय. आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिथल्या टीममध्ये पोहते. मी स्विमिंगचंच सांगणार कारण तेच मी जवळून बघितलंय, बाकी खेळांनाही बरंचसं लागू पडतं, तारखा तेवढ्या आपापल्या खेळाच्या बघून घ्या.

आपली अडचण अशी आहे की आपल्यातलं कुणीच या वाटेने गेलेलं नाही. आपल्या वेळी दहावी आली की खेळ बंद, बॅट माळ्यावर. इथे कॉलेजलाच खेळाडू हवे असतात आणि कोच ते शोधत फिरतात. मग आपलं दोनपैकी एक होतं, एकतर खेळ म्हणजे अर्जावरची एक ओळ समजून आपण तो हलक्यात घेतो, नाहीतर कुणीतरी सांगतं की अमक्याच्या मुलाला फुल स्कॉलरशिप मिळाली आणि त्या दिवसापासून आपण पोरीच्या प्रत्येक सेकंदाचा हिशोब ठेवायला लागतो. मी दुसऱ्या वाटेने गेले होते आणि त्यात आमची दीड वर्षं नाहक तणावात गेली.

सुरुवात आकड्यांपासून करा, म्हणजे डोकं जागेवर राहतं. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलांपैकी साधारण ७ टक्के मुलं एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या, कुठल्यातरी कॉलेज टीममध्ये पोचतात, आणि डिव्हिजन वनमध्ये जेमतेम २ टक्के. एनसीएएची सुमारे ११०० कॉलेजं आहेत, तीन डिव्हिजनमध्ये वाटलेली. डिव्हिजन वन आणि टूमध्ये खेळासाठी पैसे मिळू शकतात, डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, तिथे मदत मिळते ती अभ्यासावर किंवा घरच्या परिस्थितीवर. आणि प्रिन्स्टनसकट आयव्ही लीगची आठही कॉलेजं डिव्हिजन वन असली तरी खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती असतं.

डिव्हिजन थ्री म्हणजे कमी दर्जाचं असं मात्र अजिबात समजू नका. ओहायोतलं केनियन कॉलेज १९८० ते २०१० सलग ३१ वर्षं मुलांच्या स्विमिंगमध्ये डिव्हिजन थ्रीचं चॅम्पियन होतं. एमआयटी, एमरी हीसुद्धा डिव्हिजन थ्रीच. अभ्यासात हुशार आणि पोहण्यात चांगली पण ऑलिंपिक ट्रायल्सच्या जवळपास नसलेली अशी जी आपली बरीच मुलं असतात, त्यांच्यासाठी खरी जागा बऱ्याचदा इथेच असते.

आता फुल स्कॉलरशिपचं. स्विमिंगमध्ये वर्षानुवर्षं डिव्हिजन वनच्या अख्ख्या मुलांच्या टीमला मिळून ९.९ स्कॉलरशिप होत्या आणि मुलींच्या टीमला १४, आणि कोच त्यांचे तुकडे करून वाटायचा, कुणाला पाव, कुणाला फक्त पुस्तकांचे पैसे. ६ जून २०२५ ला कोर्टात एक मोठी तडजोड मंजूर झाली आणि त्यात सामील झालेल्या कॉलेजांमध्ये स्कॉलरशिपच्या आकड्याची मर्यादा गेली, पण टीममध्ये किती जण असू शकतात यावर मर्यादा आली, स्विमिंग-डायव्हिंगला ३०. कागदावर हे बरं वाटतं, पण पैसे किती द्यायचे हे कॉलेजच्या हातात आणि जागा मोजक्या, म्हणजे पूर्वी जी मुलं पैसे न घेता टीमच्या शेवटच्या जागांवर मावायची त्यांचीच पंचाईत झाली. शिवाय टीमच बंद होऊ शकते. आमच्या इथे रटगर्समध्ये मुलांचं स्विमिंग २००७ मध्ये बंद झालं, मुलींची टीम आहे, मुलांची नाही.

त्यामुळे माझं स्पष्ट मत सांगते, स्कॉलरशिपमधून वसूल होईल या हिशोबाने क्लबची फी भरू नका. क्लब, मीटची म्हणजे शर्यतींची फी, हॉटेलं, तो चारशे-पाचशे डॉलरचा रेसिंग सूट जो चार-सहा मीटनंतर सैल पडतो, हे सगळं धरून तेवढेच पैसे कॉलेज फंडात टाकले असते तर जास्त झाले असते. आम्ही तो खर्च केला कारण तिला पाण्यात राहायला आवडत होतं, आणि आज विचाराल तर तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आता घरातलं. नववीतली जानेवारीतली एक मीट. पालकांनाच वेळ लावायला उभं राहावं लागतं, तशी मी चौथ्या लेनमागे हातात स्टॉपवॉच घेऊन उभी होते, पाय ओले, हॉल दमट, मुलांच्या दंडावर मार्करने इव्हेंट, हीट आणि लेनचे आकडे लिहिलेले. लेक सहाव्या लेनमध्ये, २०० मेडले, म्हणजे चारही स्ट्रोक ओळीने. बटरफ्लाय छान गेलं, बॅकस्ट्रोक छान गेलं, ब्रेस्टस्ट्रोकच्या टर्नला मात्र डावा हात आधी लागला आणि उजवा मागून. तिथे दोन्ही हात एकदम लागावे लागतात. कडेला उभ्या अधिकारीबाईंचा हात सरळ वर गेला, म्हणजे बाद. पोरगी पुढचे पन्नास यार्ड फ्रीस्टाइल जीव तोडून पोहली, तिला माहितीच नव्हतं. बाहेर आल्यावर समजलं.

आणि मी काय केलं, तर गाडीत बसल्यापासून टर्नपाइकला लागेपर्यंत बोलत राहिले. टर्नवर लक्ष का नव्हतं, कोचने किती वेळा सांगितलंय, एवढ्या पहाटे उठून आपण येतो. तिने ओला टॉवेल डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत ओढून घेतला आणि आतूनच म्हणाली, "आई, तुला वाटतं का मला कळलं नाही?" पुढचे दोन आठवडे ती मैत्रिणीच्या गाडीतून घरी आली.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला आणि तो शेवटपर्यंत पाळला, गाडीत पोहण्याचा विषय तिने काढला तरच निघेल. मी फक्त डबा न्यायचे. फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठं, थोडं दही, लोणच्याची एक फोड. पहिलं थालीपीठ गुपचूप संपायचं, दुसऱ्याच्या अर्ध्यात आल्यावर ती स्वतःच सुरू व्हायची, "आज तिसऱ्या पन्नासला माझे पाय मेले." आणि तेव्हासुद्धा उपाय सांगायचा नाही, हं म्हणायचं, ऐकायचं. टेक्निक सांगायला कोच आहे, त्याचे पैसे आपण भरतोय. आपण कोच नाही आहोत हे मला कळायला वेळ लागला, नवऱ्याला त्याहून जास्त, तो एक्सेल शीट ठेवायचा.

कामं वाटून घ्या, हे मी प्रत्येकीला सांगते. गाडी, जेवण, झोप, डॉक्टर, पैसे आणि फॉर्मच्या तारखा ही आईबापांची कामं. पोहणं, कोचशी बोलणं, मेल लिहिणं, फोन करणं आणि शेवटचा निर्णय ही तिची कामं. मधलं काही आलं, म्हणजे कुठली मीट सोडायची, एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, किती विषय घ्यायचे, तर टेबलावर बसून तिघांनी मिळून.

शरीराचं आपल्याकडे नीट बोललं जात नाही म्हणून थोडं थांबून सांगते. तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि पावणेपाचला उठायचं असेल तर हिशोब कुठूनही केला तरी नऊच्या आत अंथरुणात हवं. ते रोज जमत नाही, आमच्याकडेही जमलं नाही, पण आठवड्यातल्या पाच पहाटेऐवजी तीन पहाटे असं कोचशी बोलून ठरवता येतं, आम्ही अकरावीत ठरवलं आणि टाइम बिघडले नाहीत, सुधारले. खांदा दुखतोय असं पोरीने दोनदा सांगितलं की तिसऱ्यांदा सांगायची वाट बघू नका, फिजिओकडे न्या. मुलींच्या बाबतीत पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर 'प्रॅक्टिस जास्त आहे म्हणून असेल' असं म्हणून सोडून देऊ नका, खाणं कमी पडत असण्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा, लोहाची तपासणी करून घ्या. आपल्या शाकाहारी घरांमध्ये तर जास्तच. वरणभात चांगलाच, पण दोन-अडीच तास पोहणाऱ्या मुलीला तेवढ्यावर भागत नाही, मी उसळी, पनीर, अंडी, दाण्याचा लाडू, दूध असं सतत काहीतरी हाताशी ठेवायचे. आजी सांगलीहून आली की "पोरीला एवढं दमवता कशाला" म्हणायची आणि मग स्वतःच डिंकाचे लाडू वळायला बसायची, त्या लाडवांवर आमचा एक अख्खा हिवाळा निघाला.

अजून एक. क्लबच्या कोचने अल्पवयीन मुलाला एकट्याला मेसेज करायचा नसतो, दुसरी मोठी व्यक्ती त्यात असायलाच हवी, हा यूएसए स्विमिंगचा, म्हणजे इथल्या पोहण्याच्या राष्ट्रीय संघटनेचाच नियम आहे. मुलीच्या फोनवर कोचचे खासगी मेसेज येत असतील, मग ते कितीही साधे असोत, गप्प बसू नका. आणि हा नियम मुलांनाही समजावून सांगा, संशय पेरायला नाही, तर त्यांना हक्काने 'आईला पण ॲड करा' म्हणता यावं म्हणून.

आता वर्षानुसार काय करायचं. नववीत कॉलेजचं काहीही करायचं नाही, फक्त एक गोष्ट, विषय नीट निवडा. डिव्हिजन वन आणि टूसाठी एनसीएए १६ कोअर कोर्स मागतं, इंग्लिश, गणित, सायन्स, सोशल सायन्स वगैरे, आणि डिव्हिजन वनला त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत, त्यातले ७ इंग्लिश, गणित आणि सायन्सचे. या कोअर विषयांत जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, डिव्हिजन वनला किमान २.३, टूला २.२. आपली मुलं जीपीएत सहसा अडकत नाहीत, अडकतात ती यात की शाळेचा एखादा कोर्स एनसीएएच्या यादीतच नसतो, विशेषतः ऑनलाइन किंवा उन्हाळ्यात घेतलेला. शाळेची यादी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या साइटवर बघता येते, दहा मिनिटांचं काम आहे. एसएटी-एसीटीचे मार्क एनसीएएला २०२३ पासून लागत नाहीत, पण कॉलेजला लागू शकतात, दोन्ही वेगळं आहे.

दहावीत यादी करायला घ्या. इथे सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगते. कॉलेज आवडलं की त्या कॉलेजच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे ज्या गटातल्या कॉलेजांशी ते स्पर्धा करतं त्याच्या, चॅम्पियनशिपचे रिझल्ट उघडायचे, तिच्या इव्हेंटमध्ये बघायचं की आठव्या नंबरची मुलगी कुठल्या टाइमला आली, सोळावी कुठल्या, चोविसावी कुठल्या. कोचला हवी असते ती तिथे पॉइंट मिळवून देणारी मुलगी. तिचा आजचा टाइम तिथे सोळाव्याच्या आसपास असेल तर कोच मेल वाचणार, चोविसाव्याच्याही मागे असेल तर बहुतेक करून नाही, आणि पहिल्या तिनात असेल तर याहून तगड्या टीमही बघा. मुलांचे सगळे टाइम स्विमक्लाउड या साइटवर असतातच, कोच तिथेच बघतात. म्हणून पालकांकडून हजारो डॉलर घेऊन 'तुमच्या मुलाला कोचपर्यंत पोचवतो' म्हणणाऱ्या ज्या सर्व्हिसेस आहेत त्यांची स्विमिंगमध्ये मला गरज वाटली नाही. सॉकरसारख्या खेळात व्हिडिओ लागतो, तिथे थोडं वेगळं असेल, पण तो व्हिडिओसुद्धा फोनवर काढून मुलं स्वतः एडिट करतात.

उन्हाळ्यात भारतात जाऊन पोहणाऱ्या मुलांसाठी, इथल्या हायस्कूल-कॉलेजचा पूल २५ यार्डांचा असतो, म्हणजे २२.८६ मीटर, त्यामुळे यार्डांतला टाइम कमी दिसतो. पुण्यातल्या पूलमधला मीटरचा टाइम आणि इथला टाइम शेजारी शेजारी ठेवून पोरीला 'हळू झालीस' म्हणू नका, आणि कोचला लिहिताना यार्ड की मीटर ते स्पष्ट लिहा.

पहिली मेल दहावीच्या वसंतात जाऊ दे. मेल तिच्या अकाउंटवरून, तिच्या शब्दांत. आपण स्पेलिंग बघायचं, बस. आमच्या लेकीची पहिली मेल मी लिहून दिली होती, चार परिच्छेद, त्यात ती कथ्थक करते, मंडळात ढोल वाजवते सगळं होतं, आणि एकाही कोचचं उत्तर आलं नाही. मग तिने स्वतः आठ ओळींची लिहिली. विषयाच्या ओळीत नाव, कुठल्या वर्षी पास होणार आणि मुख्य इव्हेंटचा टाइम. आत तिचे तीन बेस्ट टाइम आणि ते कधी आले, जीपीए, काय शिकायचंय, क्लबच्या कोचचा फोन, स्विमक्लाउडची लिंक, पुढच्या दोन मीट कुठे आहेत, आणि एक ओळ अशी की ती फक्त त्याच कॉलेजला लागू पडेल. तिने एका ठिकाणी लिहिलं होतं की तुमच्या टीमवर दोन मुली बायोकेमिस्ट्री करतात हे मी टीमच्या यादीत (रोस्टरवर) बघितलं, त्यांना लॅब आणि प्रॅक्टिस कशी जमते हे विचारायला आवडेल. त्या कोचचं उत्तर मात्र लगेच आलं.

दहावी संपली की १५ जून ही तारीख लक्षात ठेवा. डिव्हिजन वन स्विमिंगचे कोच त्या दिवसापासून मुलांना थेट मेल, मेसेज, फोन करू शकतात, त्याआधी मुलं लिहू शकतात पण कोचला फॉर्म किंवा कॅम्पची माहिती यापलीकडे उत्तर देता येत नाही. त्यामुळे आधी उत्तर नाही आलं तर नकार समजू नका. डिव्हिजन थ्रीचे कोच कधीही लिहू शकतात. आणि १५ जूनला फोन वाजलाच नाही तरी जग बुडत नाही, आमच्याकडे त्या दिवशी एक मेल आली, दुपारी चारला, आणि ती सामान्य पत्रकवजा होती. त्या दिवशी मी तिला आइस्क्रीम खायला घेऊन गेले आणि मेलबद्दल काहीच बोलले नाही, तेवढंच करण्यासारखं होतं.

फोन आला की पालकांनी खोलीबाहेर जा, खरंच. पहिल्या दोन फोनला मुलं अडखळतात, तिसऱ्याला जमतं. कागदावर पाच प्रश्न लिहून ठेवायला सांगा.

अकरावीत भेटी सुरू होतात. डिव्हिजन वनमध्ये अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून ऑफिशियल व्हिजिट करता येते, म्हणजे खर्च कॉलेजचा, डिव्हिजन थ्रीमध्ये अकरावीच्या १ जानेवारीपासून. स्वतःच्या खर्चाने नुसतं कॉलेज बघायला कधीही जा. तिथे गेल्यावर टीमच्या मुलींबरोबर जेवायला तिला एकटीला पाठवा, खरं काय ते तिथे कळतं. गेल्या दोन वर्षांत किती जणींनी टीम सोडली आणि का? खांदा दुखावला तर कोच कसा वागतो? लॅबचा तास प्रॅक्टिसवर आला तर कोण नमतं घेतं? डिव्हिजन वनमध्ये सीझनला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण प्रवास, फिजिओ, स्वतःहून केलेलं वजन उचलणं यात धरलं जात नाही, तर खरे किती तास जातात ते मुलींना विचारायचं. परतताना मी लेकीला एकच विचारायचे, उद्या पोहणं सुटलं तरी इथे चार वर्षं राहशील का? एका नामांकित कॉलेजच्या पार्किंगमध्ये ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नाही, मला इथे कुणाशी बोलावंसंच वाटलं नाही." तिथला कोच उत्सुक होता, नवऱ्याचा जीव तुटत होता, पण ते नाव आम्ही गाडीतच यादीवरून काढलं.

पैशांचं बोलणं या भेटींच्या आधी करा, नंतर नाही. आपल्याकडे मुलांसमोर पैशांचं बोलायचं नाही अशी पद्धत आहे आणि मग एप्रिलमध्ये घरात रडारड होते. आम्ही दहावीच्या उन्हाळ्यात तिला आकडा सांगितला, वर्षाला आम्ही एवढे देऊ शकतो, याच्यावर गेलं तर कर्ज, आणि तुझ्या धाकट्या भावालाही शिकायचंय. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, कायद्याने ठेवावाच लागतो, तो अर्ध्या तासात भरून होतो आणि छापील फी आणि आपल्याला पडणारा खरा खर्च यातला फरक दिसतो. कधीकधी डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजची अभ्यासावरची मदत डिव्हिजन वनच्या पाव स्कॉलरशिपपेक्षा जास्त भरते.

व्हिसावर असलेल्यांसाठी वेगळं सांगते, कारण हे इथल्या शेजारीपाजारी कुणी सांगत नाही. मूल एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर असेल तर फाफ्सा या अर्जातून मिळणारी सरकारी मदत मिळत नाही. कॉलेजची स्वतःची किंवा खेळाची स्कॉलरशिप मिळू शकते, पण काही कॉलेजं ॲडमिशनच्या वेळी अशा मुलांना परदेशी विद्यार्थी धरतात आणि तिथे मदतीचे नियम बदलतात, ते प्रत्येक ठिकाणी आधीच विचारा. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या मध्यावर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा करायची वेळ येते, ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका. आणि हल्ली कॉलेजचे खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे कमावतात, ते बघून व्हिसावरच्या मुलाने इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही करू नये, एखाद्या फुकट बुटांच्या डीलवरसुद्धा.

अकरावी संपल्यावर जुलैमध्ये, आयव्ही आणि बऱ्याच डिव्हिजन थ्री कॉलेजांमध्ये प्री-रीड असतो. कोच मार्कशीट, एसएटीचे मार्क, बारावीचे विषय मागून घेतो आणि ॲडमिशन ऑफिसला दाखवतो, तिकडून अंदाज येतो. हा टप्पा फार महत्त्वाचा, आणि इथेच आपली माणसं फसतात. कोच म्हणतो 'आम्हाला तू हवी आहेस', आपण पेढे वाटतो. कोच ॲडमिशन देत नाही, ऑफिस देतं. त्यामुळे पोरीने अगदी सरळ विचारायचं, तुम्ही ॲडमिशन ऑफिसकडे माझ्या नावाचा पाठिंबा देणार का, आणि गेल्या तीन वर्षांत तुम्ही असा पाठिंबा दिलेल्यांपैकी किती जणांना नकार आला? चांगला कोच याचं सरळ उत्तर देतो. उत्तर गोल गोल आलं तर समजून घ्यायचं. डिव्हिजन वनमध्येही तोंडी ऑफर कुणालाच बांधत नाही, ना कॉलेजला ना मुलाला, पूर्वी सही करायचं ते नॅशनल लेटर ऑफ इंटेंटही २०२४ मध्ये बंद झालं, आता लेखी मदतीचा करार हातात येईपर्यंत काही पक्कं नाही. तोपर्यंत मंडळाच्या गणपतीत घोषणा करू नका. पुढे काही फिसकटलं तर चार जणांना उत्तरं देत बसावं लागतं ते आपल्याला नाही, पोरीला.

मग बारावी. कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं, फाफ्सा साधारण १ ऑक्टोबरला, आणि अर्ली डिसिजनच्या तारखा १ किंवा १५ नोव्हेंबर. कोचचा पाठिंबा बहुतेक वेळा अर्ली डिसिजनलाच असतो, आणि अर्ली डिसिजन म्हणजे बांधिलकी, एकाच कॉलेजला करता येतं आणि मिळालं तर जावं लागतं. म्हणून त्याआधी पैशांचा अंदाज लेखी मागा, बरीच कॉलेजं देतात. पैशांची तुलना करूनच ठरवायचं असेल तर अर्ली डिसिजन करू नका, कोच नाराज झाला तरी चालेल.

आणि या सगळ्यात मध्येच पोरगी म्हणाली की मला नाही पोहायचं आता, तर? आमच्या ओळखीतल्या एका मुलाने अकरावीच्या नोव्हेंबरमध्ये सोडलं, नऊ वर्षं पोहून. आई कोसळलीच होती. मी तिला एवढंच सुचवलं की सीझन संपेपर्यंत थांबायला सांग, दमलाय म्हणून म्हणतोय की खरंच नको झालंय ते तोवर कळेल. मार्चमध्येही त्याचं तेच उत्तर होतं, मग त्यांनी ऐकलं. तो आता शनिवारी लहान मुलांना पोहायला शिकवतो आणि घरी जेवणाच्या टेबलावर पुन्हा बोलायला लागलाय. नऊ वर्षांचे पैसे गेले असं ती एकदाही त्याला म्हणाली नाही, आणि ते सोपं नव्हतं, मला माहितीये.

शेवटचं काम बहुतेक घरांत राहून जातं. एक कॉलेज पक्कं झालं की बाकी ज्या कोचनी वेळ दिला, फोन केले, त्या प्रत्येकाला नाही म्हणून कळवायचं, आणि तेही तिनेच. लेकीला हे सगळ्यात जड गेलं, स्वयंपाकघरात माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसली आणि पाच मेल लिहायला दोन तास लावले. तीन ओळी पुरतात, आभार, कुठे जायचं ठरवलं ते, आणि शुभेच्छा. पाचातल्या चार कोचनी त्याच रात्री छान उत्तरं पाठवली. हे त्याच संध्याकाळी करा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका, कारण त्या जागेसाठी यादीत पुढे कुणाचीतरी पोरगी फोनकडे बघत बसलेली असते.